फेरीला निघताना पाणी प्या

श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी ब्रह्मगिरीच्या फेरीला निघणाऱ्या बायका रविवार संध्याकाळपासूनच पाणी कमी करतात. वीसेक किलोमीटरची वाट, अंधार, चिखल आणि मागेपुढे माणसंच माणसं. लघवीला लागलं तर बसायचं कुठं? मी त्र्यंबकचीच. आमच्याकडे नारायण-नागबळीसाठी यजमान उतरतात. त्यांच्यातल्या बायकांचंही हेच. तीन दिवस पूजेला बसायचं, मधेच उठणं बरं दिसत नाही, म्हणून सकाळचा चहासुद्धा त्या अर्धाच घेतात.

उन्हाळी, म्हणजे लघवीची जळजळ, लागते ती उन्हाळ्यात, अशी आपली समजूत. पण आमच्याकडच्या पावसात तहानच लागत नाही. घसा कोरडा पडत नाही, त्यामुळे सकाळपासून पाणी प्यालोच नाही हे ध्यानातही येत नाही. एका वर्षी माझ्या घरात पाहुणे, सोमवारचा उपास आणि रात्रभर फेरी, असं सगळं एकत्र आलं. घरी आल्यावर मला लघवीला जळजळ सुरू झाली. सारखं जावंसं वाटायचं, व्हायची चार थेंब, आणि ओटीपोटात दुखायचं. धने-जिऱ्याचं पाणी झालं, सब्जा झाला, नारळपाणी झालं. यातलं वाईट काहीच नाही, पोटात पाणी तरी जातं. पण आत वाढलेले जंतू त्यानं मरत नाहीत. जाऊबाईंच्या डब्यात कधीच्या तरी उरलेल्या अँटिबायोटिकच्या गोळ्या होत्या, त्याही पोटात गेल्या. दोन दिवस बरं वाटलं. मग हुडहुडी भरून ताप आला, उलट्या झाल्या आणि एका बाजूची कूस धरली. संसर्ग मूत्रपिंडापर्यंत चढला होता. नाशिकला दवाखान्यात भरती व्हावं लागलं.

तिथं लघवीची साधी तपासणी झाली, शिवाय कल्चरही. कल्चरचा रिपोर्ट यायला दोन-तीन दिवस लागतात, पण तो वाचण्यासारखा असतो. त्यात जंतूचं नाव असतं, आणि कोणतं औषध त्याला लागू पडतं नि कोणतं पडत नाही याची यादी. जाऊबाईंची गोळी न लागू पडणाऱ्यांत होती. म्हणून सांगते, कल्चरचा नमुना अँटिबायोटिक सुरू करण्याआधी द्यायचा. सुरुवातीची थोडी लघवी सोडून मधली धार डबीत घ्यायची. आणि डॉक्टरांनी जितके दिवस सांगितले तितके दिवस गोळ्या पुऱ्या करायच्या. उरवायच्या नाहीत, म्हणजे त्या दुसऱ्या कुणाच्या डब्यात जायच्या नाहीत.

मला वाटलं होतं, यात्रेतल्या घाणेरड्या संडासातून हे आलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, जंतू बहुतेक वेळा आपल्याच आतड्यातले असतात, ई. कोलाय नावाचे. शौचाच्या जागेपासून मूत्रमार्गाचं तोंड जवळ, आणि बाईचा मूत्रमार्ग जेमतेम चार सेंटिमीटरचा. पुरुषाचा वीसच्या आसपास, म्हणून त्यांना हा त्रास कमी. लघवी वेळेवर झाली की आत शिरलेले जंतू वाहून जातात. तुंबवली की त्यांना वाढायला सवड मिळते. संडास घाण असण्याचा खरा तोटा हा, की बाई तिथं जातच नाही. गेली तरी अधांतरी बसते, घाईत उरकते आणि मूत्राशय पुरतं रिकामं होत नाही.

पाण्याचं महत्त्व आजी-पणजीही सांगायच्या, पण त्याची रीतसर परीक्षाही झाली आहे. ज्यांना वारंवार हा त्रास होतो आणि ज्या एरवी पाणी कमी पितात, अशा १४० बायकांवर केलेला एक अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. ज्यांनी वर्षभर रोज दीड लिटर पाणी जास्त प्यायलं, त्यांचा त्रास जवळपास निम्म्यावर आला. हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल त्यांनी मात्र डॉक्टरांना विचारूनच पाणी वाढवावं.

धुताना हात पुढून मागे न्यावा, मागून पुढे कधीच नाही. आतून साबण किंवा जंतुनाशक वापरू नये. कुशावर्तावर स्नान केलं, पावसात भिजलं, की आतले कपडे आधी बदलावेत. बद्धकोष्ठ असेल तर त्याकडे बघावं. संबंधांनंतर लघवीला जाऊन यावं. नव्यानं लग्न झालेल्या मुलींना हा त्रास पुष्कळदा होतो आणि हे त्यांना कुणी सांगत नाही, म्हणून इथं स्पष्ट लिहिते. पाळी गेल्यावर तिथली त्वचा नाजूक होते, त्यावर औषध मिळतं. मधुमेह असेल तर साखर आटोक्यात हवी. गरोदर बाईनं तर त्रास नसला तरी लघवी तपासून घ्यावी. पुरुषांनीही हे बायकांचं दुखणं म्हणून हसण्यावारी नेऊ नये. उतारवयात प्रोस्टेट वाढली की लघवी आत राहते आणि संसर्ग होतो. ताप, थंडी, कुशीत दुखणं किंवा लघवीत रक्त यातलं काहीही दिसलं, तर घरगुती उपायांत दिवस घालवू नका.

फेरीत आम्ही आता चौघी-पाचजणी मिळूनच निघतो. थोड्या थोड्या वेळानं घोट घोट पाणी पितो आणि आडोसा मिळेल तिथं दोघींनी साडी धरायची, एकीनं बसायचं. पण हा काही उपाय नव्हे, ही वेळ मारून नेणं झालं. डिसेंबर २०१५ मध्ये 'मिळून साऱ्याजणी' या संस्थेच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयानं महापालिकांना बायकांसाठी स्वच्छतागृहांबाबत आदेश दिले होते. त्र्यंबकला महापालिका नाही, नगरपरिषद आहे. पण लघवी काही हद्द बघून लागत नाही. २०२७ च्या पावसाळ्यात इथं सिंहस्थाची स्नानं आहेत. नियोजन ज्यांच्या हाती आहे त्यांनी स्नानाच्या घाटांबरोबर फेरीच्या वाटेवर, दर्शनाच्या रांगेत आणि बसस्थानकाजवळही बायकांसाठी मुताऱ्या बांधाव्यात. आत दिवा, पाणी आणि दाराला आतून कडी, एवढं तरी त्यात हवंच.