रिसेलरला मेंबरशिपचा रेट स्वतः ठरवू द्यावा का?

रिसेलर नेमण्याच्या व्हिडिओनंतर सगळ्यात जास्त विचारला गेलेला प्रश्न हाच: "सर, प्लॅटफॉर्म माझा आहे, विकणारे दहा जण आहेत. मग रेट मी ठरवू की ते?" आज हिशोबासकट बघू.

आधी केबलवाल्याकडून शिका

आपल्या गल्लीतला केबल ऑपरेटर म्हणजे रिसेलरच. सिग्नल मोठ्या कंपनीचा, ज्याला एमएसओ म्हणतात. वायर ओढणं, तक्रार ऐकणं आणि वसुली ऑपरेटरची. २०१९ मध्ये ट्रायची नवी दरपद्धत लागू झाली, तेव्हा नेटवर्क फी महिना जास्तीत जास्त १३० रुपये अधिक जीएसटी अशी ठरली. एमएसओ आणि ऑपरेटरचं आपसात जमलं नाही तर वाटणी ५५:४५, म्हणजे १३० पैकी ७१.५० एमएसओला आणि ५८.५० ऑपरेटरला. जुलै २०२४ मध्ये ट्रायने ही कमाल मर्यादा काढली आणि दर बाजारावर सोडला.

इथे टक्केवारी चालली, कारण गिऱ्हाइकाचा रेट जवळपास ठरलेला होता. रेट मोकळा सोडला की टक्केवारी धोक्याची ठरते. कशी, ते बघा.

टक्केवारी की ठोक रेट?

समजा उमरग्यात तुमचं पोलीस भरती आणि तलाठी परीक्षेच्या टेस्ट सिरीजचं ॲप आहे. एका मेंबरमागे महिन्याचा खर्च (सर्व्हर, पेपर काढणं, फोन सपोर्ट) ६० रुपये. मुरूम, लोहारा, नळदुर्गचे अभ्यासिकावाले तुमचे रिसेलर.

- ४० टक्के वाटा तुमचा: रिसेलरने १४९ ला विकलं तर तुम्हाला ५९.६० मिळतात, खर्चही पुरता निघत नाही. शेजाऱ्याशी चढाओढीत ११० ला विकलं तर ४४ मिळतात. मेंबरमागे १६ रुपये खिशातून गेले. मेंबर वाढतील तसा तोटाही वाढणार!
- ठोक रेट १००: त्याने ११० ला विकू दे नाहीतर २४९ ला, तुमचे १०० पक्के आणि ४० रुपये नफा पक्का.

म्हणून सूत्र लिहून ठेवा: रेट तुम्ही ठरवत असाल तर टक्केवारी, रेट रिसेलर ठरवत असेल तर ठोक भाव.

मोकळीक का द्यायची?

कारण मुरूमचा अभ्यासिकावाला फक्त लॉगिन देतो, तर लातूरचा एखादा शिक्षक त्याच लॉगिनसोबत दर रविवारी शंका सोडवायला बसतो. दोघांना १४९ च्या दावणीला बांधलं तर शिक्षक रविवारचं बसणं बंद करेल. गावाची ऐपत आणि सोबतची सेवा रिसेलरला तुमच्यापेक्षा जास्त कळते.

"यापेक्षा कमी विकू नको" म्हणू नका

इथे कायदा आडवा येतो. स्पर्धा कायदा, २००२ च्या कलम ३(४) मध्ये पुनर्विक्रीचा दर बांधून देण्याचा मुद्दा आहे. त्यामुळे बाजारातली स्पर्धा मारली जात असेल तर कारवाई होते. ऑगस्ट २०२१ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने मारुती सुझुकीला २०० कोटींचा दंड ठोठावला. ठरवून दिलेल्यापेक्षा जास्त डिस्काउंट देणाऱ्या डीलरांवर कंपनी दंड लावते, असं आयोगाला आढळलं. प्रकरण महाराष्ट्रातल्या डीलरांबद्दलच्या एका निनावी ईमेलवरून सुरू झालं होतं. कंपनी अपिलात गेली. आपण मारुतीएवढे नाही, पण करारात असलं वाक्य हवंच कशाला? तुमचा ठोक रेट हाच नैसर्गिक तळ आहे. कमाल रेट मात्र जरूर ठेवा, उदाहरणार्थ २९९, आणि त्याखाली कितीलाही विकता येईल असं स्पष्ट लिहा. नाहीतर एखादा ६०० घेईल आणि नाव तुमचं खराब होईल.

खरा धोका: आगाऊ घेतलेले पैसे

मेंबरशिप म्हणजे पुढच्या महिन्यांचा शब्द. रिसेलरने वर्षाचे १,५०० घेतले, तुम्हाला एकाच महिन्याचे १०० दिले आणि फोन बंद केला, तर पोरगं तुमच्या दारात येणार. करारात हे चार नियम हवेतच:

१. रिसेलरचं वॉलेट प्रीपेड. जितक्या महिन्यांची मेंबरशिप, तितका ठोक रेट आधी कापला जाईल, मगच लॉगिन चालू.
२. मेंबरला पावती ॲपमधूनच जाईल. त्यावर रक्कम आणि मुदत दोन्ही.
३. चालू मुदतीत रेट वाढणार नाही. नवा रेट रिन्यूअललाच.
४. रिसेलर सोडून गेला तरी उरलेली मुदत तुम्ही पूर्ण कराल.

जीएसटी: बिल कोणाच्या नावाने?

रिसेलर स्वतःच्या नावाने बिल देत असेल तर पूर्ण रक्कम त्याची उलाढाल, आणि तुमची फक्त ठोक रक्कम. सेवांसाठी नोंदणीची मर्यादा आपल्याकडे वर्षाला २० लाख आहे. पण रिसेलरच्या विक्रीचे पैसे तुमच्याच ॲपमध्ये जमा होत असतील तर तुम्ही ई-कॉमर्स ऑपरेटर ठरू शकता. मग ही २० लाखांची सूट उपयोगाची नाही. ॲप बनवायच्या आधी सीएला हा एक प्रश्न विचाराच.

आजचा गृहपाठ

वहीत तीन आकडे लिहा: एका मेंबरचा महिन्याचा खरा खर्च, तुमचा ठोक रेट आणि कमाल रेट. मग रिसेलरच्या जागी बसून बघा. त्याने मधल्या भावाला २० मेंबर केले तर महिन्याला त्याच्या हातात किती उरतात? तो आकडा बघून तुम्हालाच रिसेलर व्हावंसं वाटलं नाही, तर ठोक रेट पुन्हा मांडा.

पुढच्या व्हिडिओत रिसेलर कराराचा नमुना ओळीओळीने वाचू. भेटूया!