दोन फवारे पुरेत

बाळा, पहिल्या पगारात भारी परफ्यूम घ्यायचं तुझ्या मनात आहे, असं तुझ्या आईकडून कळलं. घे की! कमावत्या पोराच्या अंगाला चांगला वास यायलाच हवा. पण क्रीडच्या अ‍ॅव्हेंटसच्या एका बाटलीला २५,००० रुपयांच्या वर मोजण्याआधी मामाचं थोडं ऐक. दुबईच्या कंपन्या त्याच वळणाचे वास दोन-चार हजारांत देतात, आणि त्यातले काही नुसते स्वस्त नाहीत, खरोखर चांगले आहेत. फक्त ते निवडायला आणि लावायला थोडं शहाणपण लागतं.

१. आधी कुठे लावून जायचं ते ठरव, मग बाटली बघ — लोकलच्या गर्दीत खपणारा वास वेगळा आणि रात्रीच्या लग्नात शोभणारा वेगळा.

२. उन्हाळ्याला आणि ऑफिसला रसासीचं हवास घे — सफरचंद, लिंबू, पाण्यासारखा गारवा आणि मागून हलकी वेलची, म्हणून घामाच्या दिवसातही ते अंगावर जड होत नाही. ही कंपनी १९७९ साली दुबईत अब्दुल रझाक काळसेकर यांनी सुरू केली. आडनाव वाचूनच कोकणातल्या माणसाचा जीव सुखावतो.

३. गोड-मसालेदार वास थंडीच्या रात्रींसाठी राखून ठेव — लताफाचं खमरा म्हणजे दालचिनी, जायफळ, खजूर आणि व्हॅनिला. महाबळेश्वरला डिसेंबरात ते अगदी राजेशाही वाटतं, मे महिन्यात दादरच्या पुलावर तेच शेजारच्याचं डोकं उठवतं.

४. अफनानचं नाइन पीएम मित्रांच्या रात्रीच्या बैठकीला लाव, सकाळच्या मीटिंगला नको — त्याचा व्हॅनिलाचा गोडवा लांबवर जातो, आणि साहेबांना सकाळी नऊला गोड खायची सवय नसते.

५. अ‍ॅव्हेंटसचीच ओढ असेल तर आर्माफचं क्लब द न्युई इंटेन्स मॅन घे, पण घरातून निघायच्या अर्धा तास आधी लाव — पहिली दहा-पंधरा मिनिटं त्यात लिंबाचा झणझणीत झोत असतो. तो ओसरला की अननस आणि धुरकट लाकडाचा जो वास उरतो, त्यासाठीच लोक ही बाटली घेतात. २०१५ पासून ती अ‍ॅव्हेंटसची गरीब बहीण म्हणून ओळखली जाते. माझ्या मते बहीण आता स्वतःच्या पायावर उभी आहे.

६. बाटलीवरचं नाव शेवटच्या शब्दापर्यंत वाच — क्लब द न्युई याच नावाखाली इंटेन्स मॅन, इंटेन्स वुमन, अर्बन मॅन, माइलस्टोन, सियाज अशी भावंडं आहेत. खमराचंही तसंच: साधं वेगळं, कॉफीच्या वासाचं ‘कहवा’ वेगळं. अर्धं नाव वाचून पैसे भरलेस तर घरी भलतंच येईल.

७. कागदाच्या पट्टीवर हुंगून कधी घेऊ नकोस. लग्नात पाहुण्यांना अत्तर लावतात त्या जागी, हाताच्या पाठीवर एक फवारा मार आणि दुकानातून बाहेर पड — तासाभरानं जो वास राहतो तोच तुला दिवसभर सांभाळायचा आहे. एवढं लक्षात ठेव: नाकाला घाई, खिशाला खाई.

८. एका दिवशी तीनच्या वर वास घेऊ नकोस — नंतर नाकाला सगळं सारखंच लागतं. दुकानदार कॉफीच्या बिया पुढे करेल, त्यापेक्षा फुटपाथवर येऊन मोकळी हवा घे.

९. शंभर मिलीची बाटली घेण्याआधी पाच-दहा मिलीची डिकँट, म्हणजे मोठ्या बाटलीतून काढून दिलेली छोटी कुपी, मागव — एका फवाऱ्यात साधारण ०.१ मिली जातं, म्हणजे मोठ्या बाटलीत हजारएक फवारे. रोज दोन मारलेस तरी ती वर्षाच्या वर पुरेल, आणि न आवडलेला वास वर्षभर ओढणं फार कठीण.

आता तू विचारशील, मामा, इतकं स्वस्त कसं देतात? यात काळंबेरं नाही, बाळा. कुठल्याही परफ्यूमचे घटक वेगळे करून दाखवणारं यंत्र असतं, गॅस क्रोमॅटोग्राफ नावाचं. त्यातून कृतीचा बराचसा अंदाज येतो. आणि वासाचा कच्चा माल जिवोदान, डीएसएम-फर्मेनिश, सिमराइज अशा मोजक्या कंपन्या जगभरातल्या लहानमोठ्या सगळ्यांना विकतात. महाग बाटलीच्या किमतीत जाहिरातीतला नट, पॅरिस-लंडनच्या दुकानाचं भाडं आणि नावाचा दबदबाही धरलेला असतो. ते सगळं वजा केलं की बरीच किंमत उतरते. फरक राहतो तो बहुधा सुरुवातीच्या मिनिटांत आणि बारकाव्यात: महाग वास एकातून दुसऱ्यात अलगद सरकतो, स्वस्त वास कधी कधी उडी मारतो. तुझ्या शेजारी बसलेल्याला ती उडी कळत नाही.

१०. ‘सेम टू सेम’ म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नकोस, आणि तसा शोधत बसू नकोस — मूळ वासाशी तुलना करत बसलास तर हातातल्या बाटलीचा आनंद कधी घेशील? लताफाचं असद महागड्या सोव्हाज इलिक्सिरच्या जवळचं म्हणतात; तू सोव्हाज विसर आणि काळी मिरी, तंबाखू, व्हॅनिलाचं असद म्हणून लाव.

११. वळण उचललेलं चालतं, नाव चोरलेलं चालत नाही — आर्माफ स्वतःच्या नावानं विकतं, म्हणून त्या बाटलीत काही बिघडलं तर कोणाला विचारायचं ते ठाऊक असतं. फुटपाथवर क्रीडचंच नाव छापलेली चारशेची बाटली मिळते, तिच्या आत काय आहे हे कोणीच सांगणार नाही, आणि ते तू कातडीला लावणार.

१२. आता या स्वस्त बाटल्यांच्याही नकला निघाल्यात, म्हणून खोक्यावरचा आणि बाटलीच्या बुडावरचा बॅच नंबर जुळवून बघ — नकलेत तो बरेचदा जुळत नाही किंवा नसतोच. भारतात आयात केलेल्या मालावर आयातदाराचं नाव-पत्ता, एमआरपी आणि महिना-वर्ष छापणं बंधनकारक आहे. तो स्टिकर नसेल तर बाटली कितीही देखणी असो, परत ठेव.

१३. बाजारभावापेक्षा निम्म्यानं कोणी देत असेल तर आभार मान आणि निघ — आधीच स्वस्त असलेली वस्तू आणखी निम्मी होते तेव्हा काहीतरी निघून गेलेलं असतं.

१४. तीन हजारांच्या बाटलीवर ‘ऊद’ लिहिलंय म्हणून हुरळून जाऊ नकोस — खरं ऊद म्हणजे अगराच्या झाडाला बुरशी लागून खोडात साठणारी काळपट राळ, आणि ती सगळ्याच झाडांत होत नाही, म्हणून सोन्याच्या तोलानं जाते. स्वस्त बाटलीत प्रयोगशाळेतलं ऊद असतं. ते छान असू शकतं, पण खऱ्याच्या भावानं घेऊ नकोस.

या ऊदाशी आपलं नातं जुनं आहे बरं. अजमल हे आज आखाती देशांत घराघरात असलेलं नाव. त्याचे संस्थापक हाजी अजमल अली आसामातल्या होजाईचे, अगराच्या रानाजवळचे. त्यांनी १९५१ साली मुंबईत धंद्याची सुरुवात केली आणि तिथून हे अत्तर आखातात पोचलं. म्हणजे तू ज्याला अरबी वास म्हणून शोधतोयस, त्याचा एक धागा मुंबईच्या बाजारातूनच गेलेला आहे. मोहम्मद अली रोडवर कधी सवडीनं जा. अत्तरवाले काका काचेच्या काडीनं मनगटाला थेंब लावतील, घाई करणार नाहीत. तिथे भाव तोळ्यावर चालतो, साधारण ११.६६ ग्रॅम. दुबईतल्या देराच्या अत्तरबाजारातही ऊदाचं तेल तोळ्यावरच विकतात, त्यामुळे तिकडे गेलास तरी हिशेब तुझ्या ओळखीचाच राहील.

१५. अरबांकडून बाटलीबरोबर लावायची पद्धतही शिक — ते आधी अंगाला तेलाचं अत्तर लावतात, मग कपड्यांना बखूर नावाच्या धुपाचा धूर देतात, आणि शेवटी वरून फवारा. तीन पातळ थर असल्यानं वास टिकतो, एकच जाड थर असला की तो नुसता ओरडतो. पाहुण्यांसमोर जेवणानंतर धुपाटणं फिरवतात, आणि ते फिरलं की पाहुण्यानं उठायचं असा तिकडचा रिवाज आहे. किती सभ्य पद्धत! कोणी कोणाला ‘आता निघा’ म्हणत नाही, सुगंधच निरोप देतो.

१६. अंघोळीनंतर अंग पुसून, थोडं खोबरेल किंवा व्हॅसलीन मनगटाला चोळून मग फवारा मार — कोरड्या कातडीवरून वास लवकर उडतो, तेलकट कातडी त्याला धरून ठेवते.

१७. दाढी केल्या केल्या गालाला-मानेला लावू नकोस — त्यात मुख्यतः अल्कोहोल असतं, सोललेल्या कातडीची आग होईल.

१८. भर उन्हात जाणार असशील तर उघड्या मानेऐवजी शर्टाच्या आत छातीला लाव — लिंबूवर्गीय तेलांतल्या काही घटकांमुळे उन्हात कातडीवर काळे डाग पडू शकतात.

१९. पांढऱ्या शर्टावर आणि रेशमी कुर्त्यावर सरळ फवारू नकोस, तेलाचं अत्तर तर अजिबात नको — डाग धुतल्यावर उठून दिसतो. कापसाचा छोटा फाया करून आतल्या खिशात ठेव, पूर्वी कानात ठेवायचे तसा. कपडा वाचतो आणि वासही पुरतो.

२०. देवघरात निरांजन चालू असताना किंवा गॅसजवळ फवारा मारू नकोस — अल्कोहोल पेट घेतं. आधी फवारा, मग आरती, देव थांबतील.

२१. ऑफिसला दोन, मोकळ्या मैदानात चार, त्यावर नाही. दोन फवारे दोस्तीचे, सहा फवारे भांडणाचे — या बाटल्या मुळातच दणकट असतात, आणि एसीच्या बंद खोलीत वासाला जायला वाट नसते. कोणाला दमा असतो, कोणाची अर्धशिशी उठते. ते तोंडावर बोलत नाहीत, फक्त खुर्ची सरकवतात.

२२. तासाभरानं ‘मला येतच नाही वास’ म्हणून पुन्हा मारू नकोस — नाक स्वतःच्या वासाला सवयीचं होतं, दुसऱ्यांना तो येतच असतो. शंका आली तर आईला विचार, ती खरं सांगेल.

२३. दवाखान्यात, मुलाखतीला आणि कोणाच्या दुःखाच्या घरी जाताना काहीही लावू नकोस — तिथे स्वच्छ धुतलेला शर्ट पुरतो.

२४. घामावर परफ्यूम मारू नकोस, आधी तोंड-हात धुऊन बनियन बदल — घाम झाकला जात नाही, उलट दोन्ही मिळून तिसरंच काही तयार होतं.

२५. बाटली बाथरूममध्ये किंवा गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नकोस, खोक्यात घालून कपाटात ठेव — उष्णता आणि उजेड यांनी वास बिघडतो. मांडून ठेवली की छान दिसते, हे मला ठाऊक आहे. पण मांडलेली बाटली शोभेची, झाकलेली बाटली कामाची.

२६. नव्या बाटलीच्या पहिल्या दोन-तीन फवाऱ्यांवरून निकाल देऊ नकोस — नळीत आधी हवा असते. परफ्यूम लोणच्यासारखं मुरतं म्हणून काही जण ते महिनोन्महिने ठेवून देतात. तू दोन आठवडे थांब आणि वापरायला लाग.

२७. दोन बाटल्या पूर्ण संपल्याशिवाय तिसरी आणू नकोस — तीन-तीन हजारांच्या दहा बाटल्या म्हणजे ती महागडीच झाली की रे! स्वस्ताईत बचत असते ती मोजून घेणाऱ्यालाच.

२८. आंतरराष्ट्रीय विमानानं जाताना क्लब द न्युई हातातल्या बॅगेत ठेवू नकोस — बाटली १०५ मिलीची आहे आणि केबिनची मर्यादा बहुतेक ठिकाणी १०० मिलीची. पाच मिलीसाठी अख्खी बाटली तपासणीत काढून घेतील. चेक-इनच्या बॅगेत मोज्यात गुंडाळून घाल.

२९. बाबांसाठीही काहीतरी घे, पण स्प्रे नको. अल-रिहाबची सहा मिलीची छोटी रोल-ऑन घे, काही शेकड्यांत येते — त्यात अल्कोहोल नसतं, वास अंगाजवळच राहतो आणि शर्टाच्या खिशात मावते. देताना किंमत खरी सांग. महागाची आहे म्हटलंस तर ते दिवाळीपर्यंत कपाटात ठेवतील, आणि दिवाळीला म्हणतील, राहू दे, पोराच्या लग्नात लावू.