दारातला कठडा
शास्त्रभाग : अनुवाद 22:8

नवे घर बांधणाऱ्याने धाब्याला कठडा करावा, नाहीतर कोणी पडल्यास रक्तदोष घरावर येईल, असे नियमशास्त्र शिकवते. घरी येणाऱ्याचा जीव राखणे हे देवाच्या आज्ञेत बसते.

धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यांवरील कौलारू घरांना धाबे नसते. तिथे धोका दारात असतो. पावसाळ्यात सरपण, कोंबड्यांचे डालगे, कुऱ्हाड, विळे, चपला सारे ओट्यावर येते. सांडलेल्या दाण्यांवर उंदीर येतात, उंदरांमागे साप. सरपणात विंचू दडतो.

गृहभेटीत एवढे सांगावे :
1. सरपण दारापासून दूर, जमिनीपासून उंच रचावे.
2. सांडलेले दाणे सांजेलाच झाडून घ्यावेत.
3. अवजारे लेकरांच्या हाती लागणार नाहीत अशी टांगावीत.
4. चपला झटकून घालाव्यात. रात्री बॅटरीशिवाय बाहेर पाऊल टाकू नये.

तरीही साप चावलाच, तर जखम कापू नये, करकचून बांधू नये. 108 ला फोन करून रुग्णाला थेट सरकारी रुग्णालयात न्यावे. प्रार्थना वाटेत करावी. तिच्यासाठी थांबू नये.

चर्चेसाठी : आपल्या घराच्या आणि प्रार्थनागृहाच्या दारात कोणाला इजा होईल असे काय पडले आहे?