गाजर गवत : न बोलावता आलेला पाहुणा

पाऊस पडला की बांधावर, रस्त्याकडेला, उकिरड्याशी एक झुडूप हां हां म्हणता वाढते. पाने गाजराच्या पानांसारखी म्हणून ते गाजर गवत. कोणी काँग्रेस गवत म्हणतात, कोणी चटक चांदणी. खरे तर ते गवत नव्हेच, सूर्यफुलाच्या कुळातले झुडूप आहे.

ते आले कुठून?
मूळ मुलूख अमेरिका खंडात, मेक्सिकोकडचा. आपल्याकडे १९५५ च्या सुमारास ते पुण्यात नजरेस आले. परदेशी गव्हातून बी आले असे सांगतात. आज ते देशभर पसरले आहे. परदेशी म्हणजे वाईट असे नाही बरं का! मिरची, बटाटा, भुईमूग हेही अमेरिकेकडचेच. पण ते आपण लावू तिथेच राहतात.

ते एवढे का पसरते?
मी एक फूल काडीने उकलून पाहिले. त्याला पाच टोके आणि प्रत्येक टोकापाशी एक बी. एका झाडाला १५ ते २५ हजार बिया होतात. म्हणजे शंभर झाडांच्या किमान १५ लाख! बी हलके, वारा, पाणी, गाडीची चाके, शेणखत यांतून दूर जाते. गुरे त्याला सहसा तोंड लावत नाहीत. मायदेशात त्याला खाणारे किडे आहेत, ते इकडे आलेच नव्हते.

नुकसान काय?
१) त्यातील विषारी द्रव्यामुळे आसपासचे दुसरे गवत, पीक खुरटते. चराई कमी होते.
२) अंगाला लागले की काहींना खाज, पुरळ येते. परागाने शिंका, दमा होतो.
३) चारा नसला की गुरे ते खातात, मग दूध कडू लागते.

उपाय
१९८३ साली शास्त्रज्ञांनी मेक्सिकोतून त्याची पाने खाणारा भुंगेरा बंगळूरला आणला. तपासून १९८४ पासून तो शेतात सोडला. तो पावसाळ्यात पाने फस्त करतो, उन्हाळ्यात जमिनीत दडून राहतो. पांढुरका, पाठीवर काळपट रेघांचा किडा दिसला तर मारू नका. पण एकट्या किड्याने भागत नाही. आपणही झाडे उपटावीत.

पालकांना विनंती : फुले येण्याआधी, जमीन ओली असताना, हाताला फडके किंवा पिशवी बांधून मुळासकट उपटा. बिनफुलाच्या झाडांचे खत होते. फुले आल्यावर उपटले तर बी आपल्याच हाताने पेरल्यासारखे होते.