खेळताना दातांनाही कवच हवे

साकोलीच्या मैदानावर आपली मुले-मुली कबड्डी खेळतात. गुडघ्याला पट्टा असतो, दात मात्र उघडेच. पकडीत कुणाचे डोके किंवा कोपर तोंडावर बसले, की दात तुटतो. पक्का दात पुन्हा उगवत नाही.

बॉक्सिंगमध्ये माउथगार्ड सक्तीचे असते. कबड्डी-हॉकीतही आपण ते वापरावे. हे मऊ कवच वरच्या दातांवर बसते, माराचा जोर विभागते आणि ओठ-जीभ चावली जाऊ देत नाही. खेळसाहित्याच्या दुकानातले माउथगार्ड गरम पाण्यात मऊ करून, पाकिटावरील सूचनेप्रमाणे दातांवर बसवता येते. दंतवैद्य मापाचेही करून देतात. खेळानंतर गार पाण्याने धुवावे, उन्हात ठेवू नये, एकाचे दुसऱ्याने वापरू नये. मूल वाढले, घट्ट झाले, की बदलावे.

तरीही पक्का दात मुळासकट निघाला, तर मुळाला हात न लावता उचलावा, घासू नये. मळला असल्यास दुधाने हलकेच धुवून लगेच खाचेत बसवावा, स्वच्छ रुमाल चावून धरावा. न जमल्यास दुधात ठेवावा. नागपूरचे शासकीय दंत महाविद्यालय सुमारे १०० किलोमीटरवर आहे; तिथे पोहोचेपर्यंत मोलाचा वेळ जातो. म्हणून आधी जवळचा दंतवैद्य तासाभरात गाठावा. दुधाचा दात मात्र परत बसवू नये.