संख्याशास्त्रीय सॉफ्टवेअर : आधी पारख, मग स्थापना

महाविद्यालयीन प्रबंध असो, एखादी पाहणी असो वा शाखेतील ठेवींचा अभ्यास, आकडेवारीचे विश्लेषण करावयाचे म्हटले की संख्याशास्त्रीय सॉफ्टवेअरचा शोध सुरू होतो. त्यांपैकी काहींचे परवानाशुल्क मोठे असते आणि मग कोणी तरी ‘फुकटची’ प्रत पुढे करतो. अनेक घरांत संगणक एकच असतो. ज्या यंत्रावर मुलीचा प्रबंध आकार घेतो, त्यावरूनच वडील नेट बँकिंगही करतात. त्यामुळे सॉफ्टवेअर कोठून आणले, हा प्रश्न घराच्या पुंजीशीही निगडित होतो.

परवान्याचे कुलूप तोडलेल्या प्रतीसोबत पुष्कळदा ‘स्थापनेपूर्वी अँटिव्हायरस बंद करा’ अशी सूचना असते. तीच धोक्याची घंटा समजावी. अशा प्रतीत पासवर्ड टिपून घेणारी आज्ञावली दडलेली असू शकते.

मुक्त पर्याय

या मोहात पडण्याचे कारणही नाही. न्यूझीलंडमधील ऑकलंड विद्यापीठात रॉस इहाका व रॉबर्ट जेंटलमन यांनी १९९० च्या दशकात ‘आर’ ही संगणकभाषा विकसित केली. दोघांच्या नावांच्या आद्याक्षरावरून तिचे नामकरण झाले. २००० साली तिची १.० ही आवृत्ती प्रसिद्ध झाली. ती विनामूल्य असून तिचा वापर पूर्णतः कायदेशीर आहे.

यंत्राची सुसंगतता

उतरवून घेण्यापूर्वी आपला संगणक पारखावा. २०२२ मधील ४.२.० या आवृत्तीपासून विंडोजवर ३२-बिट प्रणालीसाठी ‘आर’ मिळत नाही. प्रणाली ६४-बिट असावी लागते. सेटिंग्जमधील ‘सिस्टीम’ विभागात ‘अबाउट’ येथे ही माहिती मिळते. मॅक संगणकात प्रोसेसर इंटेलचा आहे की ॲपलचा, हे पाहून त्यास अनुरूप प्रत निवडावी. ‘आर’ सर्वसाधारणपणे सर्व आकडेवारी रॅममध्ये ठेवून काम करते. म्हणून मोठ्या तक्त्यांसाठी पुरेशी रॅम हवी.

मूळ स्रोत आणि अंकमुद्रा

‘आर’चे अधिकृत भांडार ‘क्रॅन’ या नावाने ओळखले जाते. शोधयंत्रावर प्रथम दिसणाऱ्या जाहिरातीवर विसंबू नये. ‘क्रॅन डॉट आर-प्रोजेक्ट डॉट ऑर्ग’ हा पत्ता स्वतः टंकित करावा. फाइलची अंकमुद्रा, म्हणजे चेकसम, तेथे दिलेली असल्यास ती उतरवलेल्या फाइलच्या अंकमुद्रेशी ताडून पाहावी. विंडोजमधील ‘सर्टयुटिल’ या आज्ञेने ती काढता येते. एका अक्षराचाही फरक आढळल्यास फाइल काढून टाकावी. धनादेशावरील सही नमुन्याशी ताडण्यासारखेच हे काम आहे.

सावधगिरी येथेच संपत नाही. ‘आर’ची आकडेवारी साठविणाऱ्या आर.डी.एस. प्रकारच्या फाइलमधून घातक आज्ञा चालविता येतील, असा दोष २०२४ मध्ये उघडकीस आला. ४.४.० या आवृत्तीत तो दूर करण्यात आला. यास्तव आवृत्ती अद्ययावत ठेवावी आणि अनोळखी व्यक्तीने पाठविलेली फाइल उघडू नये. पूरक पॅकेजेसही शक्यतो क्रॅनवरूनच घ्यावीत.

पडताळणी

स्थापनेनंतर ज्याचे उत्तर हाताने काढता येते असे उदाहरण सोडवून पाहावे. १२, १५, १८, २१ आणि २४ या संख्यांची सरासरी १८ येते. सरासरीपासूनच्या फरकांच्या वर्गांची बेरीज ९० होते. तिला ५ ने भागून वर्गमूळ काढल्यास प्रमाण विचलन सुमारे ४.२४ येते, ‘आर’ मात्र ४.७४ दाखविते. ही चूक नव्हे. नमुन्याच्या सूत्रात एकूण संख्येपेक्षा एकाने कमी, म्हणजे येथे ४ ने, भागतात. यंत्र कोणते सूत्र वापरते हे ठाऊक नसेल, तर अचूक गणितातूनही चुकीचा निष्कर्ष निघू शकतो.

कार्यालयातील शिस्त

विंडोजवर ‘आर’ प्रशासकीय अधिकारांशिवायही बसविता येते. परंतु तांत्रिकदृष्ट्या शक्य असणे म्हणजे परवानगी असणे नव्हे. कार्यालयीन संगणकावर माहिती तंत्रज्ञान विभागाच्या संमतीनेच ते बसवावे. ग्राहकांची नावे व खाते क्रमांक असलेली आकडेवारी खासगी संगणकावर कदापि नेऊ नये.

आकड्यांतून सत्य शोधावयाचे, तर ज्या साधनाने ते शोधावयाचे ते साधनही निर्मळ असावयास हवे. स्थापनेपूर्वी पारख करण्यात गेलेली काही मिनिटे आयुष्यभराच्या बचतीचे रक्षण करू शकतात.