नंबर जुळतात, शिक्का कुठाय?

कोल्टचं १८५१चं नेव्ही रिव्हॉल्व्हर, तेही लंडन कारखान्याचं, पेटीसकट कुणी पुढ्यात ठेवलं तर आधी सिलिंडर हातात घ्या. पेटीकडे मागाहून बघा. विकणारे पेटीच आधी उघडतात.

सत्तावन्नच्या उठावात इंग्रज अफसरांच्या कमरेला ॲडम्सची रिव्हॉल्व्हरंही होती आणि कोल्टचीही. ॲडम्स माझ्याकडे होतंच, जोडीला लंडनचं कोल्ट हवं होतं. इथे इंग्लंडात जुन्या हत्यारांची प्रदर्शनं भरतात, तिथल्या एका टेबलावर ते दिसलं. मी सरळ विचारलं, सगळे नंबर जुळतात का? बायको शेजारी उभी होती, ती साक्षीला आहे. 'ऑल मॅचिंग, माय फ्रेंड,' असं म्हणून त्या गृहस्थानं नळीखाली, फ्रेमवर, ट्रिगर गार्डवर, मुठीच्या पट्टीवर आणि सिलिंडरवर एकच नंबर बोट ठेवून दाखवला. शिवाय आपण या धंद्यात किती मुरलेलो आहोत, हेही न विचारता ऐकवलं. यापलीकडे गिऱ्हाइकानं काय विचारायचं असतं?

घरी आल्यावर टॉर्च आडवा धरून भिंगाखाली घेतलं. नळीच्या वरच्या पैलूवर कर्नल कोल्टचा लंडनचा पत्ता, आणि बाजूला मुकुटाखाली 'जीपी' व मुकुटाखाली 'व्ही' असे लंडन प्रूफ हाउसचे दोन शिक्के. सगळं चोख. थेम्सकाठी पिम्लिकोत सॅम्युअल कोल्टनं १८५३ ते १८५६ एवढीच वर्षं कारखाना चालवला. तिथल्या मालाची चाचणी लंडनमध्येच व्हायची आणि शिक्के नळीसारखेच सिलिंडरवरही बसायचे. माझ्या सिलिंडरवर एकही नव्हता. गोल फिरवून पाहिला, पुसून पाहिला, पुन्हा फिरवला. काही नाही.

मग नंबराकडे नीट बघितलं. नेव्हीच्या सिलिंडरवर ऑर्म्सबीनं कोरलेली समुद्री लढाई असते, टेक्ससचं आरमार आणि मेक्सिकोचं, १६ मे १८४३. या सिलिंडरवरची जहाजं झिजून पार दिसेनाशी झालेली, गंजाचे खड्डे पडलेले, आणि त्याच खड्ड्यांत नंबराच्या आकड्यांच्या कडा मात्र धारदार. गंजाआधी ठोकलेला आकडा गंजानं खाल्लेला असतो. हा गंजानंतर ठोकलेला होता. अमेरिकेतल्या कुठल्या तरी नेव्हीचा सिलिंडर आणून जुना नंबर घासला आणि हा ठोकला, दुसरं काय! माझ्या पोटात गोळा आला, आणि लगेच डोकं फिरलं.

पेटीचीही तीच गत. झाकणाच्या आतला छापील कागद अल्ट्राव्हायोलेट दिव्याखाली निळा पांढरा चमकला. एकोणिसाव्या शतकातला कागद तसा चमकत नाही. हिरव्या बनातीवर रिव्हॉल्व्हर वर्षानुवर्षं पडून राहिलं की घोड्याचा, सिलिंडरचा दाब उमटतो, तेलाचे डाग पडतात. इथे बनात कोरी करकरीत.

फोन केला तर आधी 'इतक्या जुन्या वस्तूला झीज असणारच' हे सुरू झालं. शिक्क्याचं विचारल्यावर आवाज बदलला. शेवटी म्हणतो, तुम्ही लोकांनी तलवारी जमवाव्यात, त्यातलं तुम्हाला कळतं! पैसे गेल्यापेक्षा हे जास्त झोंबलं. ज्याच्या टेबलावर शिक्का नसलेला सिलिंडर विकायला होता, त्यानं मला काय कळतं ते सांगावं.

पावतीवर त्यानं फक्त 'कोल्ट नेव्ही, पेटीसह' एवढंच लिहिलं होतं. तेव्हा 'सर्व भाग मूळ, नंबर जुळणारे, लंडन प्रूफ' हे शब्द पावतीवर लिहून घ्या. आढेवेढे घेतले तर पाकीट खिशात ठेवा. इथल्या २०१५च्या ग्राहक हक्क कायद्यानुसार व्यापाऱ्याकडून घेतलेली वस्तू वर्णनाप्रमाणे नसेल तर ३० दिवसांत परत करून पूर्ण पैसे मागता येतात, जुन्या वस्तूलाही हे लागू आहे. वर्णन कागदावर असलं की भांडायला जोर येतो. मी बायकोच्या साक्षीवर भांडलो. कोर्टाची नोटीस गेल्यावर त्यानं थोडे पैसे परत केले, तेही उपकार केल्यासारखे.

पुस्तकं वाचा, घाई करू नका, हे सगळेच सांगतात, मीही सांगतो.

बदललेल्या सिलिंडरहून वाईट म्हणजे इटालियन नक्कल. इटलीत उबेर्ती, पिएत्ता या कंपन्यांनी कोल्टच्या हुबेहूब प्रतिकृती केल्या आहेत आणि त्या उघडपणे प्रतिकृती म्हणूनच विकल्या जातात. लबाड लोक त्यांवरचा तारा आणि 'पीएन' हा काळ्या दारूच्या चाचणीचा शिक्का घासून काढतात आणि पोलाद ॲसिडनं जुनं करतात. नळीवर कुठे सपाट, उथळ घासलेली जागा दिसली की हात आखडता घ्या. इथे जुनं अस्सल ठासणीचं रिव्हॉल्व्हर शोभेची वस्तू म्हणून विनापरवाना ठेवता येतं, नव्या प्रतिकृतीला परवाना लागतो. फसवलं दुसऱ्यानं तरी गुन्हा तुमच्या नावावर. दारू भरून उडवायचा विचार असेल तर अस्सल जुन्यालाही परवाना हवाच.

आणि पुण्याचा भाऊ म्हणाला की येताना आण, दिवाणखान्यात लावू, तर ऐकू नका. भारताच्या १९५९च्या शस्त्र कायद्यात जुन्या हत्याराला सूट आहे, पण ते दुरुस्त करूनही चालण्याजोगं नसेल तरच. चालणारं रिव्हॉल्व्हर सामानात घालून मुंबई विमानतळावर उतरलात तर कस्टम्सवाल्यापुढे १८५१ हा आकडा तुम्हाला वाचवणार नाही.